डोळ्याचा पडदा म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय ६९ आहे. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि आत लेन्स बसवल्या. सुरुवातीचे काही महिने त्यांना छान दिसत होते, पण आता पुन्हा अंधूक दिसू लागले आहे. पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात, समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. मात्र घरात आणि गोठ्यापर्यंत ते न अडखळता जातात. डॉक्टर म्हणाले, “लेन्स उत्तम बसली आहे, पण पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागतील.” घरच्यांचे म्हणणे असे की पडदा तर शस्त्रक्रियेत काढला होता, मग तो परत आला कसा? शेजारच्या काकूंचा पडदा लेसरने पाच मिनिटांत गेला. थोरले दीर म्हणतात, नेत्रपेढीतून डोळा मिळवून बदलून घेऊ. सासरे तर डोळ्यात सुई घालू द्यायला तयारच नाहीत. माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात डोळ्याची आकृती आहे, पण तिच्यातला कोणता भाग म्हणजे ‘पडदा’, हे आम्हां दोघींना ठरवता आले नाही. डोळ्याची रचना समजावून सांगाल का? म्हणजे मला घरी सांगता येईल.
— एक सून, कराड तालुका

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

ज्याची घाई आहे ते आधी सांगतो. तुमच्या सासऱ्यांचा जो पडदा आज सुजला आहे, तो कोणीही काढलेला नव्हता आणि तो काढायचाही नसतो. उपचार लांबवू नका, कारण ही सूज जितकी जुनी होते तितकी नजर परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. आता तुमच्या घरातल्या गोंधळाकडे वळतो. त्यात तुमची कोणाचीच चूक नाही, कारण आपण मराठीत ‘पडदा’ हा एकच शब्द डोळ्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. मोतीबिंदू पिकून बाहुली पांढुरकी दिसू लागली की लोक म्हणतात, डोळ्यावर पडदा आला. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्सच्या मागची पिशवी धुरकट झाली, तर तेव्हाही पडदा आला असेच म्हणतात. आणि आम्ही डॉक्टर मंडळी डोळ्याच्या तळाशी असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या जिवंत थरालाही पडदाच म्हणतो. पहिले दोन पडदे दृष्टीच्या आड येतात, आणि तिसरा स्वतःच दृष्टी आहे. मुलीची आकृती समोर ठेवा आणि प्रकाश ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने माझ्याबरोबर चला.

डोळ्याचा गोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटरचा असतो. त्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखा फुगीर, पारदर्शक भाग असतो. त्याला पुस्तकात पारपटल म्हटले आहे आणि दवाखान्यात तुम्ही ‘कॉर्निया’ हा शब्द ऐकला असेल. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात एकही रक्तवाहिनी नसते, कारण रक्तवाहिन्या असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. म्हणूनच तो आपला प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेतो. अनेकांना वाटते की प्रकाश वळवण्याचे काम आतले भिंग करते. प्रत्यक्षात त्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा या पारपटलाचा असतो. त्याला जखम होऊन व्रण राहिला, म्हणजे डोळ्यात ‘फूल पडले’, की बाकी डोळा धडधाकट असूनही दिसेनासे होते.

तुमच्या दिरांच्या सूचनेचे उत्तर इथेच आहे. नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याचे फक्त पारपटल दुसऱ्या माणसाला बसवतात, संपूर्ण डोळा बसवत नाहीत. पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये केले. या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी अख्खा डोळा बदलून दृष्टी देणे आजही कोणाला साधलेले नाही, कारण डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि ते एकदा तुटले की पुन्हा जोडता येत नाहीत. सासऱ्यांचे पारपटल स्वच्छ आहे, त्यामुळे रोपणाचा त्यांना काही उपयोग नाही. दिरांच्या मनात नेत्रदानाविषयी आस्था आहे ही मात्र मोलाची गोष्ट आहे. त्यांनी स्वतःचा संकल्प अवश्य नोंदवावा आणि घरच्यांनाही सांगून ठेवावा, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत कळवायचे काम घरच्यांनाच करावे लागते. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी नेत्रदान करता येते.

पारपटलाच्या मागे रंगीत बुबुळ आणि त्याच्या मधोमध बाहुली असते. बाहुली ही काही वस्तू नाही, ते बुबुळातले गोल छिद्र आहे. बुबुळातले स्नायू उजेडात ते आकसून दोन मिलिमीटरपर्यंत आणतात आणि अंधारात सात-आठ मिलिमीटरपर्यंत रुंद करतात. तपासणीच्या वेळी थेंब टाकून तासभर बसवून ठेवतात ते ही बाहुली मोठी करण्यासाठी. दाराच्या फटीतून पाहण्याऐवजी दार उघडून घर पाहावे, तसे ते असते. त्यानंतर काही तास जवळचे अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी सासऱ्यांना एकटे पाठवू नका.

बाहुलीच्या मागे नैसर्गिक भिंग असते, आणि तुमच्या घरातला अर्धा गोंधळ या भिंगाभोवतीचा आहे. नैसर्गिक भिंग म्हणजे मसुराच्या दाण्यासारख्या आकाराची, साधारण नऊ-दहा मिलिमीटर रुंद अशी पारदर्शक पेशींची घडी. अतिशय तलम पारदर्शक पिशवीत ती बसवलेली असते आणि कडेने बारीक तंतूंनी एका कडीसारख्या स्नायूला टांगलेली असते. आपण जवळचे पाहतो तेव्हा तो स्नायू आवळतो, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होते. दूर पाहताना स्नायू सैलावतो, तंतू ताणले जातात आणि भिंग चपटे होते. या भिंगाचे वैशिष्ट्य असे की त्यातली जुनी पेशी कधीच बाहेर टाकली जात नाही. कातडी झडते, केस गळतात, पण भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी जन्माआधी तयार झालेल्याच शेवटपर्यंत राहतात आणि नव्या पेशींचे थर त्यांच्यावर बाहेरून चढत जातात. त्यामुळे भिंग वर्षागणिक घट्ट होते. चाळिशीच्या सुमारास ते पुरेसे फुगेनासे होते आणि माणूस पेपर हात लांब करून वाचू लागतो. त्या वयाचे आणि त्या चष्म्याचे नाव मराठीत एकच आहे, ते याचमुळे. पुढे भिंगातल्या प्रथिनांची मांडणी बिघडून ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. मधुमेहात तो लवकर येतो.

शस्त्रक्रियेत हे गढूळ भिंग काढतात, पण ती पिशवी मुद्दाम जागेवर ठेवतात आणि तिच्यात कृत्रिम लेन्स बसवतात. पहिली लेन्स हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्ये बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे प्लास्टिकचे तुकडे शिरले होते आणि ते वर्षानुवर्षे डोळ्यात राहूनही डोळा चिडला नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. आज लाखो माणसांना दिसते आहे, त्यामागे हे निरीक्षण आहे. सासऱ्यांना बसवली असेल तशी साधी लेन्स फुगत नाही, तिचे अंतर ठरलेले असते. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम होऊनही वाचायला चष्मा लागतो, आणि तो लागला म्हणजे शस्त्रक्रिया फसली असे नव्हे.

आता शेजारच्या काकू. मागे ठेवलेल्या त्या पिशवीवर भिंगाच्या उरलेल्या पेशी हळूहळू वाढतात आणि ती धुरकट होते. लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. खरे तर मोतीबिंदू परत येत नाही, कारण भिंगच उरलेले नसते. लेसरने त्या पिशवीच्या मध्यभागी छोटी खिडकी पाडली की प्रकाशाची वाट मोकळी होते, आणि हे काम खरोखरच काही मिनिटांचे आहे. काकूंचा पडदा म्हणजे ही पिशवी होती. सासऱ्यांची पिशवी स्वच्छ असेल, तर तिथे लेसर मारून काहीही मिळणार नाही.

भिंगाच्या पुढच्या जागेत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून वाहून जातो. ती जाळी तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस मरू लागते, तो काचबिंदू. माझ्या वडिलांचा एक डोळा असाच गेला. दुखले नाही, लाल झाला नाही आणि समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होते, म्हणून कोणाला कळलेच नाही. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, तरी सासऱ्यांच्या डोळ्यांचा दाब मोजला आहे का, हे विचारून घ्या. भिंगाच्या मागची मोठी पोकळी पारदर्शक, पाणीदार जेलीने भरलेली असते. वयानुसार ती आक्रसते आणि डोळ्यांपुढे माशी किंवा कोळ्याची जाळी फिरल्यासारखी दिसते. ते बहुधा निरुपद्रवी असते. मात्र अशा ठिपक्यांचा एकाएकी पाऊस पडला, वीज चमकल्यासारखे दिसू लागले किंवा एका बाजूने काळी सावली सरकत आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण पडदा निसटत असल्याची ती खूण असू शकते.

आणि आता तो खरा पडदा, पुस्तकातले दृष्टिपटल. नाटकाचा पडदा डोळ्यांसमोर आणू नका. तो वर गेल्यावर खेळ दिसू लागतो. हा सिनेमाचा पडदा आहे, ज्याच्यावर चित्र पडते. पण सिनेमाचा पडदा निर्जीव असतो आणि डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. गर्भात तो मेंदूपासूनच तयार होतो. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यात पेशींचे अनेक थर. त्यात सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी असतात, ज्या मंद उजेडात काम करतात, आणि सुमारे साठ लाख शंक्वाकार पेशी असतात, ज्या भरपूर उजेडात बारकावे आणि रंग टिपतात. संध्याकाळी अंगणातली लाल जास्वंद आधी काळपट होते आणि तिची हिरवी पाने मात्र बराच वेळ उजळ राहतात, ते तुम्ही पाहिले असेल. त्या वेळी शंक्वाकार पेशींचा दिवस संपत असतो आणि दंडाकार पेशींचा सुरू होत असतो.

या शंक्वाकार पेशी पडद्यावर सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाची छोटी जागा आहे, आणि तिच्या ऐन मध्यावर, दीड मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात, त्यांची सर्वांत दाट गर्दी असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे, तांदळातला खडा शोधणे ही सगळी कामे या खळग्यावर चालतात. उरलेला विस्तीर्ण पडदा आजूबाजूचे भान ठेवतो : दाराची चौकट कुठे आहे, पायरी कुठे संपते, गाय कोणत्या बाजूने येते आहे. तुम्ही लिहिले आहे की सासरे गोठ्यापर्यंत न अडखळता जातात, पण त्यांना चेहरा ओळखू येत नाही. काही न पाहता, केवळ या वाक्यावरून सांगता येते की बिघाड मध्यभागी आहे आणि कडा शाबूत आहेत. ओळी वाकड्या दिसणे ही त्याच जागेच्या सुजेची खूण आहे. पडदा फुगून उंचसखल झाला की त्यावर पडलेली सरळ रेषाही वाकडी दिसते.

पडदा ही नुसती कल्पना नाही हे घरच्यांना दाखवायचे असेल, तर एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला छोटी फुली काढा आणि तिच्या उजवीकडे सात सेंटिमीटर अंतरावर एक टिकली चिकटवा. डावा डोळा हाताने झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून साधारण २५ सेंटिमीटरवर टिकली नाहीशी होईल, आणि कागद आणखी जवळ आणला की पुन्हा दिसू लागेल. पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, आणि टिकलीचे चित्र तेवढा वेळ नेमके तिथे पडलेले असते. हा अंधबिंदू प्रत्येक निरोगी डोळ्यात असतो. मुलीला हा प्रयोग करायला आवडेल, आणि आजोबांनाही त्यांचा त्रास कोणत्या थरात आहे ते तिच्याकडूनच समजले तर अधिक पटेल.

मधुमेह या पडद्याचे काय करतो? पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या अतिशय नाजूक असतात. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, आणि हे झिरपणे पीतबिंदूजवळ असेल तर तिथे सूज येते. रक्त कमी पडलेला पडदा एक रासायनिक हाक देतो, आणि त्या हाकेने वाहिन्या अधिकच गळू लागतात. इंजेक्शनातले औषध ही हाक थोपवते. म्हणून एकाच इंजेक्शनाने भागत नाही. सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने काही डोस देऊन सूज किती ओसरली ते पाहावे लागते. काही रुग्णांना पडद्यावर लेसरही द्यावा लागतो, पण तो काकूंच्या लेसरहून निराळा असतो आणि निराळ्या जागी दिला जातो.

“मग हे आधी का सांगितले नाही?” असा राग घरात असेल, तर तोही समजण्यासारखा आहे. दाट मोतीबिंदू रुग्णाला बाहेरचे पाहू देत नाही, तसाच डॉक्टरांना आतला पडदाही पाहू देत नाही. शिवाय मधुमेही डोळ्यात शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत पडद्याची सूज नव्याने येऊ शकते किंवा असलेली वाढू शकते. सुरुवातीचे काही महिने छान दिसले याचा अर्थ लेन्सचे काम चोख झाले आहे. तरीही, शस्त्रक्रियेनंतर पडद्याची तपासणी नियमित व्हायला हवी, हे तुम्हांला तेव्हाच स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते, असे माझे मत आहे.

राहिली सुईची भीती. तिला हसण्यावारी नेऊ नका. डोळ्यात सुई म्हटले की कोणाचाही जीव दचकतो. त्यांना एवढेच सांगा की सुई बाहुलीतून किंवा बुबुळातून जात नाही. डोळा थेंबांनी बधिर करतात, पापण्या अडकवून ठेवतात, जंतुनाशकाने सगळे स्वच्छ करतात, आणि मग बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुई आतल्या जेलीत सोडतात. नेमकी तीच जागा निवडतात, कारण तिथे पुढे भिंग नसते आणि मागचा पडदाही तिथपर्यंत पोचलेला नसतो. औषध आत जायला काही सेकंद लागतात. बहुतेक रुग्णांना थोडा दाब जाणवतो. नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो आपोआप जातो. पण पुढच्या दिवसांत दुखणे वाढत गेले, लाली वाढली किंवा नजर आणखी मंदावली, तर तासाचाही उशीर करू नका, कारण आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका थोडा असला तरी असतो. त्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

पुढच्या भेटीला जाताना रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल, रक्तदाबाच्या नोंदी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी बरोबर न्या. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्या मधुमेहात बहुधा बरोबरीने बिघडतात, आणि साखर व रक्तदाब मोकळे सोडून नुसती इंजेक्शने घेतली तर त्यांचा परिणाम टिकत नाही. पडद्याचा ‘ओसीटी’ स्कॅन झाला असेल तर त्याची प्रत मागून घ्या. त्यात पडद्याचे थर कापलेल्या केकसारखे दिसतात आणि मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते. दर वेळी हा आकडा वहीत लिहून ठेवला, तर उपचार लागू पडतो आहे की नाही हे घरातल्या कोणालाही समजेल. किती नजर परत येईल हे पत्रावरून सांगणे योग्य होणार नाही. असलेली नजर सांभाळणे हे पहिले उद्दिष्ट ठेवा आणि त्यापुढे जी सुधारणा होईल ती मिळकत समजा.

घरी एक गोष्ट आजपासून सुरू करता येईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटींच्या रेषा सरळ आणि ठळक असतात. रोज सकाळी चांगल्या उजेडात, वाचायचा चष्मा लावून, सासऱ्यांनी एक डोळा झाकावा, दुसऱ्या डोळ्याने एकाच तारखेच्या मध्यावर नजर ठेवावी आणि आजूबाजूच्या रेषा कशा दिसतात ते सांगावे. मग दुसऱ्या डोळ्यानेही तसेच करावे. डोळे वेगवेगळे तपासायला हवेत, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो. त्यांनी सांगितलेले त्या तारखेच्या चौकटीतच पेन्सिलीने लिहा. रेषा कालच्यापेक्षा अधिक वाकलेल्या दिसल्या किंवा मधली तारीखच पुसट झाली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता फोन करून लवकरची वेळ मागा.